मऊ कडा

सकाळी अकरा वाजता साहेबांनी भिंतीवर पाडलेल्या चित्रातली टाकी मोठी केली आणि माझी भेग फुटली. खरं तर ती सहा महिन्यांपूर्वीच फुटली होती, तीन मीटर लांबीच्या वाफेच्या टाकीसकट आणि एका माणसासकट. पण मी काढलेली भेग कालपर्यंत शाबूत होती. सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोंवरून एकेक रेष ओढत चार महिने खपून मी ती काढली होती. साहेबांनी माउसचं चाक फिरवलं. शेड जवळ आली, टाकी जवळ आली, टाकीचा पत्रा जवळ आला, आणि पत्र्यावर जिथे ठोकलेला तपासणीचा आकडा दिसायला हवा होता तिथे राखाडी चौकोन आले. चौकोनाला चौकोन लागून. चाक आणखी फिरलं तसे ते फुगले, आणि आकडा, भेग, वेल्डिंगचा जोड, सगळं एका मातकट लगद्यात गेलं. "हा काय जिना काढलाय का, मॅडम?" साहेब म्हणाले. "तीन वाजता सुनावणी आहे." ते रागावले नव्हते. ते कधीच रागावत नाहीत, म्हणून तो 'तीन' मला कानाखाली बसल्यासारखा लागला. तोंडात लोखंडाची चव आली. जीभ चावली गेली होती.

वस्तू कशा तुटतात ते बघणं ही माझी नोकरी. तुटलेली वस्तू आमच्या प्रयोगशाळेत येते आणि ती कुठून तुटायला लागली ते मी शोधते. तुटणं सगळीकडून एकदम कधीच होत नाही. एका जागी सुरू होतं, आणि बाकीचं सगळं त्या जागेचं ऐकतं. मग मी त्याचं चित्र काढते, आणि माझी पद्धत अशी की सगळं एकाच चित्रात, खऱ्या मापात काढते. शेड, टाकी, जोड, भेग. मोठा करून दाखवलेला तुकडा बाजूला चौकटीत ठेवत नाही. पूर्वी ठेवायचे. मग एका वकिलाने विचारलं, हा चौकटीतला तुकडा याच तुळईचा कशावरून, आणि तुळईखाली चेंगरलेल्या तिघांची केस त्या एका वाक्यावर संपली. तेव्हापासून बघणाऱ्याने दारातून आत यावं आणि नजर न उचलता भेगेच्या मुळाशी जावं, असं चित्र मी काढते. ते व्हेक्टरमध्येच जमतं. व्हेक्टरमधली रेष म्हणजे रंगवलेले ठिपके नसतात. इथून तिथपर्यंत अशा वळणाने जा, असा हुकूम असतो, आणि कितीही जवळ गेलं तरी हुकूम बदलत नाही. बिटमॅप म्हणजे फरशी. ठरावीक चौकोन, त्यात जे बसेल ते बसेल. माझ्या चित्रातली शेड चाळीस मीटरची होती आणि भेगेचं मूळ सहा मिलिमीटरचं. फरशीत त्या सहा मिलिमीटरांच्या वाट्याला एक अख्खा चौकोनसुद्धा येत नव्हता.

आणि त्या सहा मिलिमीटरांत एक माणूस उभा होता. टाकी फुटण्याच्या पाच आठवडे आधी एका वेल्डरने तिच्या नळीचा जोड नव्याने केला होता. फुटलेल्या पत्र्यात तो जोड उभा चिरलेला सापडला. कंपनी म्हणाली, जोड कच्चा. पोलीस म्हणाले, जोड कच्चा. मेलेला माणूस त्याच शेडमधला फिटर, वेल्डरचा थोरला भाऊ. एकाच घरात राहणारी दोन भावांची बिऱ्हाडं. आता एका बिऱ्हाडातून वहिनी रोज उठते आणि दुसऱ्या बिऱ्हाडात जाऊन दिराला मारते. चपलेने, झाडूने, हाताला लागेल त्याने. यानेच खाल्ला माझा माणूस, म्हणते. हे वेल्डरनेच मला सांगितलं होतं, आज उकाडा आहे असं सांगावं तसं. त्याचा ओठ तेव्हा दोन जागी फाटलेला होता. "तुम्ही अडवत नाही?" मी विचारलं. "जोड माझाच होता ना, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या मते चौकशी संपलेली होती. माझ्या मते नव्हती, कारण फुटलेल्या कडेवर भेगेने आपला इतिहास लिहून ठेवला होता. टाकी दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी थंड व्हायची. दर वेळी भेग थोडी पुढे सरकून थांबायची आणि थांबल्याची एक रेष सोडायची, ओहोटीचं पाणी वाळूवर सोडतं तशी. अशा त्रेचाळीस रेषा होत्या. टाकी फुटण्याच्या त्रेचाळीस आठवडे आधी तपासणी झाली होती आणि तपासनिसाने पत्र्यावर पोलादी ठशाने, हातोडा मारून, क्रमांक उठवला होता. त्यातल्या साताच्या पायथ्याशी भेग सुरू झाली होती. जोड तिथून नऊ मिलिमीटरवर होता आणि फक्त पाच आठवड्यांचा होता. रेषा मोजता आल्या तर वेल्डर सुटतो. रेषांच्या जागी लगदा दिसला तर जोडच दिसतो, चिरलेला.

आमच्याकडे संगणक सांभाळणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणतात. तो हात पुसत आला. "पेशंट कोण?"

"हे चित्र. माझ्याकडे व्हेक्टर आहे, प्रेझेंटेशनमध्ये घातलं की बिटमॅप होतं."

"कॉपी करून चिकटवलंत?"

"नाही. फाइल म्हणून घातलं."

"सेव्ह करताना चित्रं दाबून लहान करायची खूण चालू असेल."

"बंद आहे. दोनदा बघितलं."

"मग आतच काहीतरी आहे. याला एक वस्तू पचत नाहीये." त्याने खुर्ची ओढली. "तुमचा सगळा मिळून एक ग्रूप आहे ना? त्यातलं एक जरी याला रेषेत काढता आलं नाही, की हा सगळ्या ग्रूपचा फोटो काढून मोकळा होतो. कोण मेहनत करतंय! माझ्या मेव्हण्याची जात."

"ग्रूप मोडला तर?"

"थर सरकतील. तुमचे मिलिमीटर गेले मग." त्याने माझ्याकडे बघितलं. "कापा. अर्धं मारून टाका आणि उरलेलं घालून बघा. उरलेलं धडधाकट निघालं तर रोग मेलेल्यात होता. मग मेलेल्याला उठवा आणि त्याचं अर्धं मारा."

एकशे बारा थर होते. म्हणजे जास्तीत जास्त सात घाव. मी प्रत काढली आणि पहिला घाव घातला: शेडच्या भिंती, छप्पर, खिडक्या, छपन्न थर एका बोटाने गेले आणि टाकी पांढऱ्यात लटकत राहिली. स्लाइडमध्ये घातलं, मोठं केलं. चौकोन. डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या प्रिंटरकडे गेला होता आणि मला ते बरं वाटलं, कारण मला कापण्यात मजा यायला लागली होती आणि ती मजा कुणी बघू नये असं वाटत होतं. दुसरा घाव. चौकोन. स्फोट अर्ध्या सेकंदाच्याही आत संपला होता. मी तो इतक्या वेळा गणितात चालवला आहे की हल्ली चहा गाळतानाही चालतो: त्रेचाळिसाव्या रेषेपलीकडे उरलेला पत्रा वाफेचा दाब पेलू शकत नाही, भेग आवाजाच्या वेगाशी स्पर्धा करत टाकीच्या लांबीभर धावते, वाटेतला जोड चिरते, पत्रा दोन्हीकडे उघडतो, आणि त्याचा एकशे चाळीस किलोचा एक पाकळीसारखा तुकडा मोकळा होऊन कमरेच्या उंचीवरून उडतो. त्या उंचीवर फिटर उभा होता. तुकडा त्याच्यातून गेला आणि अकरा मीटरवरच्या भिंतीत रुतला. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा जमिनीवर पांढऱ्या रंगाने दोन आकार आखलेले होते, एक मोठा, एक लहान, मध्ये साडेचार मीटर. पत्र्याच्या कडेला केस होते. मी ते चिमट्याने काढले, कारण त्यांच्याखाली मला भेगेची कड हवी होती, आणि केस पिशवीत घालून पिशवीवर क्रमांक लिहिला. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. परत येताना मात्र रस्त्यावर एक माणूस माझ्या पुढे हळू चालत होता आणि त्याच्या मानेत कोपर घालून त्याला गटारात ढकलावंसं मला इतकं वाटलं की मी उभी राहिले, तो लांब जाईपर्यंत.

तिसरा, चौथा. चौथ्या घावात टाकी गेली आणि तरीही चौकोन आले, तेव्हा माझा तळहात टेबलावर बसला. पेन उडालं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पाचवा. सहावा. साडेबारा वाजता पडद्यावर दोन थर उरले होते: मोठा लाल आकार आणि लहान लाल आकार. फिटर. सातव्या घावाची गरजच नव्हती. मी मोठ्या आकारावर टिचकी मारली आणि त्याचे गुण उघडले. रंग लाल, अपारदर्शक. रेष नाही. सावली नाही. मऊ कडा: पंचवीस.

ही माझीच करणी होती. मला ती दुपार आठवली नाही, आणि मग अख्खी आठवली. दुसरा महिना होता. मी दोन आकार पोलिसांच्या मापांवरून उतरवले होते आणि ते फार कडक दिसत होते, कातरीने कापल्यासारखे; आणि ते कातरीने कापल्यासारखेच होते, म्हणून मला बघवेना. चित्रांचा प्रोग्रॅम करणाऱ्यांनी अशासाठीच एक सरकपट्टी ठेवलेली असते. ती शून्यावरून उजवीकडे नेली की कडा विरत जाते, लाल हळूहळू पांढऱ्यात शिरतं, कुठे माणूस संपला ते सांगता येत नाही. मी पंचवीसवर थांबले, दुसऱ्यालाही तेच केलं, आणि चहा प्यायला गेले. विरती कडा कुठल्याही रेषेच्या हुकुमात बसत नाही. तिचे ठिपकेच करावे लागतात. एका मेलेल्या माणसाची कड मी मऊ केली आणि त्यापायी जिवंत माणसाचा पुरावा लगद्यात गेला. चार महिने माझा विश्वास होता की मी या इमारतीतली सगळ्यात अचूक बाई आहे.

मी दोन्ही पट्ट्या शून्यावर आणल्या. मूळ चित्र उघडलं, सगळे एकशे बारा थर जिवंत, फाइल नव्याने घातली, आणि चाक फिरवायला लागणार तेवढ्यात फोन वाजला. ताई. ती रोज पाऊण वाजता फोन करते. आई दोन पाळ्यांत काम करायची, म्हणून मला ताईने वाढवलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. घरात सगळे जमले की ठरलेला विनोद होतो: ही एवढी शिकली ती ताईच्या फटक्यांमुळे. मीच तो सुरू करते. ताईचा हात काय पडायचा, बाप रे, मी म्हणते, आणि मेहुणे म्हणतात, मला विचार, आणि सगळे हसतात, ताई सगळ्यांत जास्त. 'फटके' हा शब्द मी कुठून काढला, माहीत नाही. फटके तिने क्वचितच दिले. ती मला मोरीत न्यायची, बादली भरून घ्यायची, माझे केस मुठीत धरून तोंड पाण्यात घालायची आणि मोजायची. पाण्यातून आकडे वेगळे ऐकू येतात, लांबून, कुणी जिन्यावरून उतरत असल्यासारखे. तीसला वर काढायची. मग टॉवेलने तोंड पुसायची, छान पुसायची, आणि पाढे पुढे चालू. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मलाही मी सांगते तेव्हा बादलीची कड विरलेली असते.

"जेवलीस का गं?" ताई म्हणाली.

"नाही. काम आहे."

"काम कधी नसतं तुला? दोन घास खायला काय होतं? तशीच आहेस, लहानपणापासून. फटक्याशिवाय—"

"फटके नव्हते ते, ताई."

"काय?"

"तू माझं डोकं बादलीत धरायचीस."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. "हे काय मध्येच," ती म्हणाली. "लहान होतो आपण."

"मी सातची होते. तू सोळाची होतीस."

"मला घर होतं सांभाळायला. दोन दोन पाळ्या आईच्या. तुला काय कळणार."

"मी कारण विचारत नाहीये. काय झालं ते सांगतेय. केस धरायचीस, तोंड पाण्यात घालायचीस, आणि तीस मोजायचीस."

आता रडेल, मग मी म्हणेन जाऊ दे, असं मी मनात तयारही केलं. पण ताई रडली नाही. तिचा आवाज अगदी सपाट आला, मी ओळखत होते तो, आकडे मोजणारा. "एकदा पस्तीस मोजले होते," ती म्हणाली. "तू हलायची थांबलीस म्हणून काढलं." आणि मग, "मला वाटलं होतं तुला आठवत नसेल. तू हसतेस ना नेहमी." मी फोन ठेवला. कुणी आधी ठेवला ते सांगता येणार नाही. माझ्या दुसऱ्या हाताखाली माउस होता. मी चाक फिरवलं. शेड, टाकी, पत्रा, सात, आणि साताच्या पायथ्याशी रेष. पुढे गेले. रेष. आणखी पुढे. रेष तशीच, वस्तऱ्यासारखी. बाजूला, साडेचार मीटरच्या अंतराने, दोन लाल आकार, आणि त्यांच्या कडा आता अशा होत्या की बोट कापावं.

सुनावणीच्या खोलीत पंखे जोरात होते आणि कागद दाबून ठेवायला सगळ्यांनी हात टेबलावर ठेवलेले होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, म्हातारे, एका डोळ्याने बारीक बघणारे. डाव्या बाजूला कंपनीचा वकील. उजवीकडे भिंतीशी वेल्डर, ठेवणीतला शर्ट घालून, भिंतीला पाठ न टेकता. वहिनी पहिल्या रांगेत एकटी बसली होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. मी धिप्पाड बाई धरून चालले होते; ती लहानखुरी होती, शाळेतल्या मुलीएवढ्या मनगटांची. दिवे घालवले, भिंतीवर शेड आली, लाल आकार आले, आणि वकील लगेच उठला.

"हरकत आहे. हे लाल काय आहे? मृताच्या पत्नी समोर बसल्या आहेत. थोडं सौम्य करता आलं नसतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पत्रा कुठल्या दिशेने गेला ते त्यावरून ठरतं. आणि दिशेवरून भेग कुठे सुरू झाली ते."

"तरीही माणुसकी म्हणून—"

"मी बघितलंय ते," वहिनी म्हणाली. तिने मान वळवली नाही. "चादरीत दोन्ही मीच बांधलं. तुम्ही खाली बसा."

वकील बसला. मी चाक फिरवत चित्रात आत गेले. कुणी नजर उचलू नये इतक्या हळू. टाकी, पत्रा, जोड, चिरलेला. जोडापाशी पोचले तेव्हा वकिलाची खुर्ची करकरली, पण मी थांबले नाही, नऊ मिलिमीटर ओलांडून साताच्या पायथ्याशी गेले आणि तिथून भेगेच्या आत, जिथे रेषा होत्या. त्या भिंतभर झाल्या तरी पातळच होत्या. मी सांगितलं की प्रत्येक रेष म्हणजे एक आठवडा. अध्यक्ष उठले, काठी घेऊन भिंतीपर्यंत आले आणि शाळामास्तरसारखे काठीच्या टोकाने मोजायला लागले. मोठ्याने. मी श्वास धरला होता हे मला तीसच्या पुढे कळलं. ते त्रेचाळीसवर थांबले.

"जोड कधीचा?"

"इथला. अडतिसाव्या रेषेनंतरचा."

"म्हणजे याने जोड केला तेव्हा भेग होती?"

"होती. पत्र्याच्या दोन तृतीयांश जाडीत शिरलेली. बाहेरून ती फक्त आकड्यात दिसली असती, आणि आकड्यावर रंग होता."

"मग जोड चिरला का?"

"वाटेत होता म्हणून."

"आकडा ठोकताना सुरू झाली?"

"हो."

"ठोकला कुणी?"

"कंपनीच्या तपासनिसाने," मी म्हणाले, आणि वकील पुन्हा उठून काहीतरी बोलायला लागला, पण अध्यक्षांनी काठी आपटली. "जोड हे कारण नाही," ते लिहून घेणाऱ्याला म्हणाले. "असंच लिहा. याच शब्दांत."

वहिनी उठली होती. कधी उठली, कुणी बघितलं नाही. ती भिंतीजवळ गेली, इतकी की रेषा तिच्या पाठीवर पडल्या. "अजून मोठं करा," ती मला म्हणाली. मी केलं. "अजून." मी केलं. ती शोधत होती, मला ठाऊक होतं काय. कुठेतरी हे धूसर होईल, आणि मग कोण कशाचं सांगता येणार नाही. धूसर झालं नाही. ती वळली आणि वेल्डरकडे चालू लागली.

तो तिला येताना बघून उभा राहिला. कुणी सांगितल्यासारखा त्याने चष्मा काढला, दांड्या मिटल्या, वरच्या खिशात ठेवला, आणि हात बाजूला सोडून तोंड थोडं पुढे केलं. तिने मारलं. एवढ्याशा मनगटातून तो आवाज येईल असं वाटलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" ती म्हणाली. "सहा महिने. सहा महिने मी मारत होते तुला. एकदा तरी तोंड उघडून सांगायचंस ना, की मी नाही म्हणून!"

त्याच्या गालावर चार बोटं उठत होती. "मला तरी कुठे माहीत होतं, वहिनी," तो म्हणाला.

तिचा हात पुन्हा वर गेला होता. तो डोळे मिटून थांबला. पंख्यांखाली कागद फडफडत राहिले आणि हात तसाच वर राहिला, मग खाली आला, त्याच्या खिशापाशी, आणि तिने चष्मा बाहेर काढून त्याच्या तळहातावर आपटला.

"घाल," ती म्हणाली. "घाल आणि बघ."